होमी बेटावरची रिकामी भरती

१

पौर्णिमेच्या दुपारी, उधाणाची भरती ऐन टिपेला असताना, होमी बेटावर एकही पक्षी उतरला नाही.

हे वाक्य मी आजवर कितीतरी कचेऱ्यांना लिहून दिलं आहे, आणि दर वेळी पलीकडच्या माणसाने ‘बरं, मग?’ अशा चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं आहे. त्यांना काय सांगणार? ओहोटीला आमच्या मुल्गोजी गावासमोर मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो आणि पक्षी त्यावर पांगून खातात. भरती आली की मागे सरकत राहतात. उधाणाला तर सगळाच चिखल बुडतो आणि उभं राहायला उरते ती फक्त होमी बेटाची शिंपल्यांची पट्टी. ज्यांना यंदा अंडी घालायची नाहीत असे तरणे पक्षी अख्खा उन्हाळा इथेच काढतात. लाल चोचीचे काळे-पांढरे कालवफोडे, बाकदार चोचीचे कोरल, सगळे खांद्याला खांदा लावून पाणी उतरायची वाट बघतात. पुढे या वर्षीची पिल्लंही येऊन मिळतात आणि मग थवे दक्षिणेकडे पांगतात. मी गावच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचो. शाळा बंद पडली, तेव्हापासून पक्षीच मोजतो.

त्या दिवशीची मोजणी शेवटची आणि निकालाची होती. वसंतातल्या आणि उन्हाळ्याच्या तोंडच्या मोजण्या झकास झाल्या होत्या. ऐन उन्हाळ्यातला हा मुक्काम नोंदला गेला की बेट राखीव होणार होतं. नाही नोंदला, तर बेटावर झुलता पूल होणार, वर काचेचा सज्जा आणि कॉफीचं दुकान. पूल झाला की पक्ष्यांचा कारभार आटोपलाच.

बांधावर आम्ही चौघं होतो. संशोधन संस्थेच्या ह्यॉन ओक-जू मॅडम, मी, प्रांताच्या कचेरीतले जेगाल साहेब, आणि ‘गावातर्फे’ म्हणून येऊन बसलेला मच्छीमार मंडळाचा अध्यक्ष प्यो दाल-सू. ऊन असं की बांधाचं सिमेंट चपलेतून भाजत होतं.

थवा वेळेवर आला. बेटावर घिरटी घातली, खाली झेपावला आणि उतरता उतरता पुन्हा वर गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. भरती उतरायला लागेपर्यंत ते बिचारे हवेतच होते. पिल्लं मागे पडत होती. आम्ही नुसते बघत राहिलो.

जेगाल साहेबांनी हातातला छोटा पंखा बंद केला. “शून्य लिहितो,” ते म्हणाले.

“पक्षी आलेत ना, दिसतायत ना तुम्हाला,” मी म्हणालो.

“आलेत मास्तर, पण बसले नाहीत. मुक्काम म्हणजे बसायला हवेत.”

ह्यॉन मॅडमनी दुर्बिणीवरून डोळा काढला नाही. “कुणीतरी आहे तिथे,” त्या एवढंच म्हणाल्या.

२

दुसऱ्या दिवशी बांधामागच्या मिठागरात आणि रस्त्याच्या कडेला मेलेली पिल्लं सापडली. भाजलेल्या डांबरावर एक कालवफोडा पंख पसरून पडला होता, चोच अजून पुरती लालही झाली नव्हती. मॅडमनी ती सगळी स्वतः उचलली. मला शिव्या घालाव्याशा वाटत होत्या, पण कुणाला घालायच्या ते ठरत नव्हतं.

खरं तर ठरलं होतं. प्योला.

प्यो धक्क्यावर जाळ्याचे शिसाचे मणी ओवत बसला होता. आम्हाला पाहताच हसला.

“या. बेडी आणलीत का?”

“काल भरतीला पाणी कुठवर होतं हो, अध्यक्ष?” मॅडमनी विचारलं. ही त्यांची खोड. कोण, का, कुठे होतात, असलं त्या कुणालाच विचारत नाहीत. पाणी विचारतात.

“तुमच्या शेजारीच बसलो होतो की. जेवढं तुम्ही पाहिलं तेवढं.”

“तुझी माणसं?” मी मधे तोंड घातलं.

“माझी माणसं म्हणजे गावातल्या म्हाताऱ्या, मास्तर. त्या ओहोटीला चिखलात उतरतात आणि भरतीला घरी येऊन कंबर शेकतात. उधाणाला बेटावर कोण मरायला जाईल? तिथे होडी लागते, आणि लागली की अडकते. पाणी उतरलं की चिखलात बसते. मग पुढची भरती येईस्तोवर बसा माशा मारत.”

“पूल तुला हवाय,” मी म्हणालो.

“हवाय. लपवतो कुठे? तुमची शाळा का बंद पडली? पोरंच उरली नाहीत म्हणून. पूल झाला तर चार लोक येतील, शिंपल्यांचं कालवण खातील.” मग त्याने मान वर केली. “तुम्ही त्या बेटावरचा एकेक पक्षी मोजता. पण बेटावर राहतं कोण, ते कधी कुणाला विचारलंत?”

“कोण राहतं?” मॅडमनी विचारलं.

प्योने मणी ओवायला घेतले. “कुणी नाही. उन्हात बडबडलो.”

परतताना मी म्हणालो, “याचंच काम आहे. माणूस पाठवला असणार.”

“मास्तर, हाकलायला गेलेला माणूस काय करतो? आरडाओरडा, फटाके. आणि हाकललेला थवा एकदा उठला की निघून जातो. हा थवा सारखा परत येत होता. म्हणजे खाली जे काही होतं ते हलत नव्हतं. जिवाच्या आकांताने स्वस्थ पडून होतं.” त्या थांबल्या. “जो कुणी होता, त्याला पक्षी उतरायला हवे होते.”

मला पटकन एकच माणूस सुचला.

३

ब्योन ह्योक हा शहरातला फोटोग्राफर. दर उन्हाळ्यात मुक्कामाला येतो, अंगावर गवती रंगाचं कापड पांघरून तासन्‌तास पडून राहतो. गेल्या वर्षी बेटाच्या फार जवळ गेला म्हणून मॅडमनी त्याला सगळ्यांदेखत झाडला होता. त्यानंतरच यंदा वसंतात त्यांनी धक्क्यावर भलामोठा फलक लावला: राखीव क्षेत्र होणार, पुढल्या वर्षापासून बेटावर पाय ठेवण्यास सक्त मनाई, ठेवल्यास शिक्षा.

खाणावळीत ब्योन सोयाबीनच्या गार रश्शातल्या शेवया ओरपत होता.

“मीच ना?” तो म्हणाला. “मला वाटलंच. बसा, शेवया मागवू?”

“तुझं कापड कुठंय?” मी विचारलं.

“अंगावरच होतं. पण मिठागराच्या टोकाला, बेटावर नाही. मॅडमच्या शिव्या एकदा खाल्ल्या तेवढ्या पुरे.” त्याने कॅमेरा पुढे सरकवला. “बघा. घिरट्या घालणारा थवा, आणि मागे बांधावर छत्रीखाली तुम्ही चौघं. मास्तर, तुम्ही डोकं खाजवताय. बेटावरून असा फोटो येईल का?”

फोटोत मी खरोखरच डोकं खाजवत होतो. संशयिताने आपला असा पुरावा द्यावा याचा मला रागच आला.

मॅडम मात्र एका फोटोवर अडकल्या होत्या. त्यात नुसतंच बेट होतं, आकाशासमोर स्वच्छ. त्यांनी तो मोठा केला.

“मास्तर, तुम्ही मोजायला सुरुवात कुठून करता?”

“उंचवट्यापासून. बेटाच्या माथ्यावर तो एक गवताळ उंचवटा आहे ना? त्याच्या डावीकडचे आधी, मग उजवीकडचे. वर्षानुवर्षं तसंच करतोय.”

“मग या फोटोत दाखवा बरं तो मला.”

मी चष्मा पुसला आणि फोटो नीट पाहिला. माथा होता, गवत होतं, शिंपल्यांची पट्टी होती. उंचवटा नव्हता.

४

ओहोटीला आम्ही चिखलातून चालत बेटावर गेलो. एरवी आम्हाला कु छिल-सोंगदादा होडीतून नेतात. समोर नेतात, बेटापासून लांब होडी उभी करतात आणि इंजिन बंद करून आधी पक्ष्यांकडे बघतात. पण दादा मोजणीच्या आदल्या दिवशी “लेकीकडे जातो” म्हणून गेले होते आणि आल्यापासून आजारी होते.

होमी बेटावर मी जन्मात पाय ठेवला नव्हता. तो माझा नेम होता. त्या दिवशी मोडला, आणि मोडताना बरं वाटलं नाही.

मागच्या उतारावर, जो बांधावरून कधीच दिसत नाही, तिथे चिखलात होडीच्या कण्याचा खोल चर होता. पाऊलखुणा चरापासून वर जात होत्या, चिखलाकडे एकही नाही. म्हणजे माणूस भरतीला होडीतून आला आणि भरतीलाच गेला. माथ्यावर गवत विळ्याने नीट कापलेलं होतं. मधोमध ताजी लाल माती, हाताने थोपटून सारखी केलेली. शेजारी तांदळाच्या दारूची रिकामी बाटली. आणि उतारावरच्या गवतात एक माणूसभर लांबीची जागा दबलेली.

“गवत आताच कुणी कापलं?” मी म्हणालो. “शरदाच्या सणाला तर अजून...”

सणाआधी गवत कापतात ते कशावरचं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. वर्षानुवर्षं मी दुर्बिणीतून ज्याला उंचवटा म्हणत होतो ते थडगं होतं. जुनं, खचलेलं, गवताने झाकलेलं.

“यंदा अधिक महिना आहे,” मॅडम म्हणाल्या.

तेही खरंच. अधिक महिन्यात भुताखेतांचं, देवादिकांचं लक्ष नसतं असं आमच्याकडे मानतात. म्हणून थडगी हलवायची ती याच महिन्यात. मुहूर्त बघायला नको, कोप व्हायची भीती नाही. पण या महिन्यात उधाणं दोनच, अमावास्येचं आणि पौर्णिमेचं. अमावास्येला वादळ होतं. आणि उधाणाखेरीज बेटाच्या मागच्या कडेला होडी पोचत नाही.

“माणसाला आणि पक्ष्यांना एकच भरती हवी होती,” मॅडम म्हणाल्या. त्या दबलेल्या गवताकडे बघत होत्या. “तो निघून जाणार होता. त्याचं काम आटोपलं नाही आणि होडी बसली.”

“पण कोण?”

मला वाटतं त्यांना तेव्हाच कळलं होतं, फक्त चुकीचं निघावं अशी आशा होती.

५

गावात प्रेतवस्त्रं शिवते ती योमआजी. अधिक महिन्यात आपलं कापड जिवंतपणीच शिवून ठेवायची रीत, म्हणून तिला श्वास घ्यायला फुरसत नसते.

“सगळ्यांना याच महिन्यात मरणाची हौस येते,” ती सुई ओवत म्हणाली. “मापं घ्या, बाह्या सैल ठेवा. अगं, मेल्यावर कुठे हात वर करायचेत तुला? तुझं माप घेऊ का मास्तर? पोट सुटलंय, कापड जास्त लागेल.”

“आजी, यंदा कुणी न शिवलेलं कापड नेलं?” मॅडमनी विचारलं.

आजीची सुई थांबली. “एकाने नेलं. तागाचं, अखंड. म्हटलं शिवून देते, तर म्हणाला, नको, नुसतं गुंडाळायचंय.”

हाडांना बाह्या लागत नाहीत, हे मला सांगावं लागलं नाही. नाव आजीने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

धक्क्यावर कुदादांची होडी तरंगत्या फळ्यांना बांधलेली होती. तिथे ती ओहोटीलाही कधी जमिनीला टेकत नाही. पण तिच्या उजव्या कुशीवर करडा चिखल वाळला होता, त्यात शिंपल्यांचे तुकडे. डावी कूस स्वच्छ. ती कुठेतरी चिखलात कलंडून पडली होती.

प्यो मागे येऊन उभा राहिला. या खेपेला हसला नाही.

“मी केलं असं लिहा की, मॅडम,” तो म्हणाला. “नाहीतरी गावाला तसंच वाटतंय. म्हाताऱ्याला कशाला ओढता?”

“तुला ठाऊक होतं?” मी विचारलं.

“थडगं सगळ्या गावाला ठाऊक होतं. परवानगी न घेता पुरलेलं, म्हणून बाहेरच्यांसमोर कुणी बोलत नाही. तो त्याच दिवशी जाईल हे मात्र नव्हतं ठाऊक. आईशपथ.”

६

कुदादा ओसरीवर पडून होते. चेहरा आणि हात भाजून सोललेले. आम्हाला पाहून उठायला लागले.

“झोपा काका,” मॅडम म्हणाल्या आणि खाली जमिनीवरच बसल्या.

“कळलं ना?” दादा म्हणाले. “मीच सांगायला येणार होतो. उठवतच नव्हतं.”

“काकूंचं होतं?”

“हो. तिला तिथनं चिखल दिसायचा. शिंपल्या वेचण्यात जन्म गेला, म्हणाली, मला डोंगरात नका टाकू. टाकली नाही.” त्यांनी जवाच्या चहाचा घोट घेतला. “आदल्या दिवशी दुपारच्या भरतीला गेलो. वाटलं, पहाटेच्या पाण्याला निघेन, पक्षी दुपारी यायच्या आत. पण मुळं फार. एकटा माणूस. सगळं वेचीपर्यंत पाणी उतरलं.”

“आणि दुपारी?”

“ताडपत्री ओढून पडलो. ती शेजारी, कापडात. श्वाससुद्धा जपून घेत होतो. म्हटलं, माझी सवय आहे यांना, मी हललो नाही तर बसतील. सारखे वर येत होते. मनात म्हणत होतो, बसा रे बाबांनो, मी काही करत नाही.” त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. “नाही बसले.”

मी रागावून आलो होतो. आता तो राग ठेवायला जागाच नव्हती.

“पण दादा, का हलवलंत? इतकी वर्षं होतं की तिथे,” मी म्हणालो.

दादांनी मॅडमकडे पाहिलं. रागाने नव्हे, थोडं ओशाळूनच. “तो फलक लागला ना धक्क्यावर. पाय ठेवायचा नाही, म्हणून. मग सणाला गवत कोण कापणार तिचं? दारू कोण ओतणार? तिला तिथे एकटी टाकायची? आणि पुढचा असा अधिक महिना यायच्या आत मीच जाईन.”

“विचारायचंत ना मला,” मॅडम म्हणाल्या.

“काय विचारायचं, पोरी? मोठ्या अक्षरात लिहिलं होतं.”

फलकावरचा मजकूर त्यांनी स्वतः लिहिला होता. अक्षरं मोठी हवीत, ब्योनसारख्यांना लांबून दिसायला हवीत, असा हट्टही त्यांचाच. गुन्हेगार सापडला की रहस्य उलगडणाऱ्याने पायावर पाय टाकून बसावं अशी रीत आहे. ह्यॉन मॅडम एका म्हाताऱ्याच्या अंगणात गुडघ्यांत डोकं घालून बसल्या होत्या. मी काय करणार? चहा ओतला, तो कुणी प्यायलं नाही.

७

त्यांनी जेगाल साहेबांना फोन केला. पुन्हा मोजणी घ्या, मोजणीच्या दिवशी एक अपघात झाला होता, एवढंच सांगितलं.

“कसला अपघात? कुणामुळे? नाव द्या, तर चौकशी लावतो,” साहेब म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. “पण मॅडम, नाव दिलंत तरी आकडा तोच राहणार. उन्हाळी मोजणी त्या भरतीची, आणि ती भरती झाली.”

नाव दिलं असतं तर विनापरवाना दफन, विनापरवाना उकरणं, पक्ष्यांना उपद्रव, असं सगळं त्या सोललेल्या हातांवर येऊन पडलं असतं. मॅडमनी फोन ठेवला.

तरी आम्ही उधाण ओसरेपर्यंत रोज बांधावर बसलो. वाटायचं, येतील. एकदा काही कोरल आले, लांबूनच वळले. मग दक्षिणेकडच्या खाडीतून कुणीतरी कळवलं की पायात मॅडमच्या संस्थेच्या खुणेच्या कड्या असलेले कालवफोडे तिथे दिसले. थवा पांगला होता, ठरल्या वेळेच्या आधीच. त्यांना परत बोलावण्याचं शास्त्र अजून निघालेलं नाही.

पानगळीच्या सुमारास निकाल लागला. बेट राखीव होणार नव्हतं. मॅडम संस्थेचं सामान आवरायला आल्या, आणि निघण्याआधी म्हणाल्या, “काकांना मी सांगते. इतरांकडून कळायला नको.”

दादा अंगणात मुळे सोलत होते. हात बरे झाले होते. काकूंना त्यांनी शहरात अग्नी दिला होता, आणि कलश तिथल्याच अस्थिगृहात एका कोनाड्यात ठेवला होता. दोन बस बदलून जावं लागतं, आणि कोनाडा वरच्या रांगेत, हात पोचत नाही.

“नाही झालं, काका,” मॅडम म्हणाल्या.

“माझ्यामुळे.”

“नाही. माझ्यामुळे.”

दादांनी हे ऐकून घेतलं. हातातला मुळा सोलून बाजूला ठेवला. मग विचारलं, “मग आता मनाई नाही?”

“नाही.”

“कुणीही जाणार?”

“कुणीही. पुलाचा सज्जा पट्टीवर होईल, माथ्याला हात लावणार नाहीत. पुढल्या वसंतात काम सुरू होईल.”

“म्हणजे चालत जाता येईल. भरती असो, ओहोटी असो.”

“हो.”

दादांनी सुरी खाली ठेवली.

“मग ती राहिली असती की तिथेच,” ते म्हणाले. “मी रोज गेलो असतो.”

मॅडम माझ्याकडे पाहू लागल्या, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी मास्तर माणूस, उभा जन्म बोलण्यात गेला. मी दादांची सुरी उचलली आणि उरलेले मुळे सोलायला घेतले.